बाटली केव्हा बंद ठेवायची

टर्बो गाडीत नायट्रस बसवून हवा, असं म्हणत आमच्या वर्कशॉपमध्ये येणाऱ्या जवळपास प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: पॉवर किती वाढेल? मी त्याचं उत्तर सगळ्यात शेवटी देतो. आधी माझे प्रश्न असतात. गाडी रोज ऑफिसला नेता का? दिवसभर उन्हात उभी असते की सावलीत? पेट्रोल कुठलं भरता? बूस्ट कितीव्या आरपीएमला पुरा येतो? डिकीत बाटली बसवली तर तिच्या शेजारी मुलांची दप्तरं आणि किराणा ठेवणार का? काही जणांना हे प्रश्न ऐकून कंटाळा येतो. ज्यांना येतो, त्यांचं काम मी सहसा घेत नाही.

मी ह्यूस्टनमध्ये इंजिन ट्यूनिंग करतो. शिक्षण नागपूरला झालं, पहिली नोकरी पुण्यात डिझेल इंजिनांच्या कॅलिब्रेशनची होती, आणि आता बरीच वर्षं इथे, डायनोच्या, म्हणजे गाडीची पॉवर मोजणाऱ्या यंत्राच्या, रोलरवर पट्ट्यांनी करकचून बांधलेल्या गाड्यांत, मांडीवर लॅपटॉप घेऊन बसतो. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक गाड्या रस्त्यावरच्याच. सोमवार ते शुक्रवार ऑफिस, आणि एखाद्या शनिवारी ड्रॅग स्ट्रिपवर पाव मैलाची दौड. निव्वळ शर्यतीची गाडी ट्रेलरवरून येते, पळते आणि ट्रेलरवरून परत जाते. तिची बाटली भरायला, तापवायला, उतरवायला माणसं असतात. रस्त्यावरच्या गाडीत तीच बाटली सिग्नलला, पार्किंगमध्ये, मुलांना शाळेत सोडताना सोबत असते. माझं सगळं काम या फरकाभोवती फिरतं. नायट्रस कसा सोडायचा हे कुठलाही किट बनवणारा कागदावर छापून देतो. तो केव्हा सुटता कामा नये, हे प्रत्येक गाडीसाठी वेगळं ठरवावं लागतं, आणि माझा वेळ त्यात जातो.

नायट्रस ऑक्साइड स्वतः जळत नाही, जळायला मदत करतो. वजनाच्या हिशोबाने हवेत ऑक्सिजन सुमारे २३ टक्के, नायट्रसमध्ये ३६ टक्के. सिलिंडरमधल्या उष्णतेने, साधारण ३०० अंश सेल्सिअसपासून पुढे, त्याचा रेणू फुटतो आणि तो ऑक्सिजन मोकळा होतो. बाटलीत तो द्रवरूपात असतो. नोझलमधून बाहेर पडला की त्याची वाफ होते, आणि उणे ८८ अंशांना उकळणारा हा द्रव वाफ होताना आजूबाजूच्या हवेतली उष्णता ओढून घेतो. टर्बोने दाबलेली हवा इंटरकूलरमधून आली तरी कोमटच असते. म्हणून हा गारवा टर्बो इंजिनाला साध्या इंजिनापेक्षा जास्त मानवतो. मात्र जादा ऑक्सिजनबरोबर जादा पेट्रोल आलंच पाहिजे. ते कमी पडलं की मिश्रण लीन होतं, सिलिंडर तापतो, आणि ॲल्युमिनियमच्या पिस्टनला भोक पडायला काही सेकंद पुरतात. नायट्रसने इंजिन फुटलं असं लोक सर्रास म्हणतात. माझ्यासमोर उघडलेल्या इंजिनांत दोष बहुतेक वेळा पेट्रोल कमी पडण्याचा, नाहीतर स्पार्क वेळेआधी पडण्याचा निघाला आहे.

टर्बोचं दुखणं खालच्या आरपीएमला असतं. एक्झॉस्टचा झोत पुरेसा जोरात नसला की टर्बाइन रेंगाळतो. मोठा टर्बो बसवला असेल तर चार हजार आरपीएमपर्यंत गाडी मरगळलेली, आणि मग एकदम अंगात आल्यासारखी. इथे नायट्रसचा छोटा फवारा कामाला येतो. ज्वलन वाढतं, एक्झॉस्टमधली ऊर्जा वाढते, टर्बाइन लवकर वेग घेतो, कॉम्प्रेसर जास्त हवा ढकलतो. बूस्ट आला की नायट्रस बंद. टर्बो गाडीत नायट्रसचा याहून शहाणा उपयोग मला आजवर सापडलेला नाही.

पण पेच असा की, कमी आरपीएमला पिस्टन सावकाश चालतो. ठिणगीची ज्वाला पोचायच्या आत उरलेल्या मिश्रणाला आपोआप पेट घ्यायला वेळ मिळतो, म्हणजे नॉक होतो; आणि वाढलेला दाब पिस्टनवर नि कनेक्टिंग रॉडवर जास्त वेळ बसून राहतो. रॉड वाकतात ते बहुधा याच टापूत. टर्बोला मदतीची सगळ्यात जास्त गरज जिथे, तिथेच नायट्रस सगळ्यात घातक. आणि वर, जिथे इंजिनाला तो सोसतो, तिथे टर्बो स्वतःच समर्थ असतो. मधे एक अरुंद फट उरते, साधारण तीन हजार आरपीएमपासून बूस्ट येईपर्यंतची. वेळेत मोजली तर सेकंद, फार तर दोन सेकंद. तेवढ्यात उघडायचं आणि तेवढ्यातच बंद करायचं.

शिवाय टर्बो गाडीत हिशोब सरळ बेरजेचा राहत नाही. ‘पन्नासचा शॉट’ म्हणजे साध्या इंजिनात पन्नास हॉर्सपॉवरची भर. टर्बोमध्ये तोच शॉट आधी स्वतःची भर घालतो, मग टर्बोला वेग देऊन बूस्ट वाढवतो, आणि वाढलेला बूस्ट आणखी भर घालतो. वेस्टगेट छोटा असेल तर त्याला एवढा एक्झॉस्ट बाजूने सोडून देता येत नाही, आणि बूस्ट ठरवलेल्या रेषेच्या वर चढत राहतो. म्हणून ‘माझ्या मित्राने शंभरचा बसवलाय’ हे कारण मी मानत नाही. मित्राच्या गाडीला टर्बो असेलही, पण तोच टर्बो, तोच वेस्टगेट, तेच पिस्टन असतील असं नाही.

दाबलेल्या हवेच्या इंजिनात नायट्रस घालायची कल्पना रस्त्यावरच्या पोरांची नव्हे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी ‘जीएम-१’ या नावाची यंत्रणा विमानांत बसवली होती, आणि ब्रिटिशांनी काही मॉस्किटो विमानांना नायट्रस दिला होता. त्या इंजिनांना सुपरचार्जर होतेच. ठराविक उंचीच्या वर हवा इतकी विरळ होई की सुपरचार्जर कमी पडे, आणि तिथे वैमानिक नायट्रस सोडत. सुपरचार्जर पुरतो तिथे तो वापरायचा नाही, हे त्यांच्या पद्धतीतच होतं.

आता बाटलीबद्दल, कारण अर्धं ट्यूनिंग बाटलीत असतं.

नायट्रसचा दाब बाटलीत किती माल उरला यावर ठरत नाही. आत द्रव शिल्लक आहे तोवर तो तापमानावर ठरतो. शून्य अंशाला साधारण ४५० पीएसआय, २० अंशांना ७३० च्या आसपास, ३० अंशांना ९०० च्या थोडा वर. किटचे जेट ९०० ते ९५० पीएसआय गृहीत धरून कापलेले असतात. बाटली थंड असली तर नायट्रस कमी येतो, पेट्रोल मात्र तेवढंच, म्हणजे मिश्रण रिच होतं आणि गाडी घुटमळते. बाटली तापलेली असली तर नायट्रस जास्त, पेट्रोल तेवढंच, मिश्रण लीन, आणि पुढचं वर सांगितलंच आहे. डायनोवर दिवसभर खपून बसवलेलं ट्यूनिंग दुपारी तीनच्या उन्हात उभ्या गाडीत तसंच राहत नाही.

आणि ३६.४ अंश हा आकडा मी प्रत्येकाला पाठ करायला लावतो. त्याच्या वर नायट्रस द्रवरूपात राहूच शकत नाही. द्रव आणि वाफ हा भेदच संपतो, दाब झपाट्याने चढतो, आणि तळातून द्रव उचलायला बसवलेल्या सायफन नळीला उचलायला द्रव उरत नाही. नागपुरात नवतपा काढलेल्या माणसाला ३६ अंश म्हणजे सकाळचे नऊ वाजले एवढंच वाटेल. ह्यूस्टनच्या जुलैत बंद डिकी पन्नाशीला टेकते. बाटलीच्या व्हॉल्व्हला सुमारे ३,००० पीएसआयला फुटणारी सुरक्षा-चकती असते ती यासाठीच. चकती फुटली की अख्खी बाटली काही क्षणांत रिकामी होते. तो वायू हवेपेक्षा जड, डिकीतून सीटखाली उतरतो आणि गाडीतली हवा बाजूला सारतो. नायट्रसमधला ऑक्सिजन इंजिनाला मिळतो, फुप्फुसाला मिळत नाही. म्हणून चकतीपासून गाडीबाहेर जाणारी नळी टाकल्याशिवाय आमच्याकडून गाडी बाहेर जात नाही. हॅचबॅक असेल तर मी याबाबत अधिकच हट्टी असतो, कारण तिथे डिकी आणि बसायची जागा एकच.

बाटली भरायची ती वजनावर. दहा पौंडांच्या बाटलीत दहाच पौंड. वर वाफेला जागा लागते, कारण हा द्रव तापला की भलताच फुगतो: शून्य अंशाला एका लिटरमध्ये ९०० ग्रॅमच्या वर मावणारा नायट्रस वीस अंशांना पावणेआठशे-आठशे ग्रॅमच मावतो. थंड बाटलीत ‘अजून थोडा’ कोंबून दिला आणि ती बाटली उन्हात गेली, तर फुगायला जागाच नसते. भरताना हातमोजे आणि गॉगल. सांध्यांना तेल किंवा ग्रीस अजिबात नाही. हा ऑक्सिडायझर आहे, तेलाशी त्याची संगत नको. २००७ च्या जुलैत कॅलिफोर्नियातल्या मोहावीत एका खाजगी अवकाशयानाच्या कामासाठी नायट्रसची चाचणी चालू असताना स्फोट होऊन तीन माणसं गेली. त्या चाचणीत इंधन पेटवलेलंही नव्हतं. आपल्या डिकीतला साठा त्या मानाने किरकोळ असतो, पण वायू तोच.

दाब वाढवायला काही लोक बाटलीला टॉर्चची ज्योत लावतात. हे कुणी करताना दिसलं तर मी तिथून निघतो आणि बाकीच्यांनाही निघायला सांगतो. ॲल्युमिनियमच्या बाटलीची ताकद तापवल्याने कायमची कमी होते, आणि ते बाहेरून दिसत नाही. थर्मोस्टॅट असलेलं, बाटलीभोवती गुंडाळायचं हीटर-ब्लँकेट मिळतं. एनएचआरए या इथल्या ड्रॅग शर्यतींच्या संस्थेच्या नियमांतही बाजारात मिळणाऱ्या अशाच ब्लँकेटला परवानगी आहे. बाकी कुठल्याही मार्गाने बाटली तापवायला मनाई आहे.

माझ्या मनात घर करून असलेली एक गाडी सांगतो. साताऱ्याचा एक तरुण इथल्या रिफायनरीत कंट्रोल इंजिनिअर आहे. त्याची जपानी, अडीच लिटरची चार सिलिंडरची टर्बो सेडान, मोठा टर्बो बसवलेली, आत पिस्टन मात्र मूळचेच. आला तो शंभरच्या शॉटची तयारी मनात करून. मी पस्तीस म्हणालो.

“दादा, पस्तीससाठी एवढा खटाटोप? एवढं तर बूस्ट दोन पीएसआयने वाढवला तरी मिळेल.”

“मिळेल ना. पण वर मिळेल. तुला हवंय ते खाली.”

ते त्याला पटलं. मग आम्ही वायरिंगचा कागद घेऊन बसलो. नायट्रसचा आणि पेट्रोलचा असे दोन सोलेनॉइड असतात, आणि त्यांच्यापर्यंत करंट पोचायचा तर वाटेतला प्रत्येक स्विच ‘हो’ म्हणाला पाहिजे. आधी ड्रायव्हरचा मुख्य स्विच, त्यावर झाकण. मग ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असल्याचा स्विच. अर्धवट थ्रॉटलवर फवारा गेला तर तो इनटेकमध्येच साचतो. मग आरपीएमची चौकट: तीन हजारांच्या खाली नाही, रेडलाइनच्या जवळ नाही. मग पेट्रोलच्या दाबाचा स्विच. पंप दमला, फिल्टर तुंबला, दाब पडला की सगळं बंद. मग क्लचचा, म्हणजे गिअर बदलताना फवारा तुटतो. पहिल्या गिअरला कुलूप. आणि शेवटी बूस्टचा स्विच, जो बारा पीएसआय आले की सर्किट तोडतो. सगळे एकामागोमाग एक जोडलेले. कुठलीही वायर तुटली तर नायट्रस बंदच राहणार, अशा बेताने.

तो कागदाकडे बराच वेळ पाहत राहिला. मग बूस्टच्या स्विचवर बोट ठेवून म्हणाला, “दादा, याची व्हॅक्यूमची नळी निसटली तर?”

या प्रश्नासाठी मी त्याला जेवू घालायला तयार होतो. बाकीचे सगळे स्विच बिघडले तर बंदच्या बाजूला पडतात. हा एकटा उलट आहे. नळी निसटली तर स्विचला बूस्ट कळतच नाही, तो सर्किट जोडलेलंच ठेवतो, आणि वीस पीएसआय बूस्टवर नायट्रस चालू राहतो. म्हणून या एका स्विचवर मी कधीच विसंबत नाही. इंजिनाच्या ईसीयूचा स्वतःचा बूस्ट सेन्सर असतो, त्याच्याकडून दुसरं कुलूप घ्यायचं. आणि त्याच्याही वर साधा टायमर, दोन सेकंदांनी काहीही झालं तरी बंद. रिफायनरीत दाब आणि तापमानाच्या सापळ्यांत दिवस काढणाऱ्या माणसाला हे सांगावं लागलं नाही, त्यानेच विचारलं. गाड्यांवर जीव असलेल्या लोकांत असा प्रश्न विचारणारे भेटले की मला कामाचा शीण राहत नाही.

सोलेनॉइड नोझलच्या जितके जवळ तितके चांगले, म्हणजे बंद केल्यावर नळीत उरलेला नायट्रस थोडाच असतो. नोझल इंटरकूलरच्या पुढे, थ्रॉटलच्या अलीकडे, आणि ब्लो-ऑफ व्हॉल्व्हच्या नंतर. टर्बोच्या आधी पेट्रोल मिसळलेला फवारा कधीच मारायचा नाही. स्पार्क प्लग एक पायरी थंड घातले, गॅप थोडी कमी केली. फवारा चालू असताना स्पार्क दोन अंशांनी मागे, कारण हे मिश्रण वेगाने जळतं; आणि फवारा बंद झाल्यावरही क्षणभर मागेच ठेवला, नळीतला उरलासुरला जळून जावा म्हणून. टाकीत इथल्या पंपावरचं ९३ ऑक्टेन.

डायनोवर आधी नायट्रस न सोडता दोन-तीन दौडी काढल्या. मग सोलेनॉइडला करंट देऊन पण बाटलीचा व्हॉल्व्ह बंद ठेवून, नुसतं टिकटिक ऐकत, सगळे स्विच आपापल्या जागी उघडतात-मिटतात का ते पाहिलं. ही पायरी गाळणारे पुष्कळ. मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. यात इंजिनाला काही होत नाही आणि साखळीतली प्रत्येक कडी खरी की खोटी ते कळतं. त्यानंतर बाटली उघडली. कानावर हेडफोन, त्याचा मायक्रोफोन इंजिन ब्लॉकला घट्ट लावलेला. नॉक सुरू झाला तर पत्र्याच्या डब्यात खडे खुळखुळावेत तसा आवाज येतो, आणि स्क्रीनवर दिसायच्या आधी कधी कधी कानाला कळतो. त्या दिवशी आला नाही. मिश्रणातलं हवा-पेट्रोलचं प्रमाण साडेअकराच्या आसपास स्थिर राहिलं, इनटेकचं तापमान उतरलं, आणि आधी ४,२०० ला येणारा बूस्ट ३,६०० च्या आसपास आला. आलेखात मधला खड्डा भरून निघाला. शिखर होतं तिथेच राहिलं, आणि मला ते तसंच हवं होतं.

दौड संपताच इंजिन तिथेच बंद केलं आणि प्लग काढले. ही पाहणी भिंगातून करायची, उजेड असलेल्या. पांढऱ्या चिनी मातीच्या नाकावर बारीक काळे-करडे ठिपके दिसले, मिरपूड सांडल्यासारखे, तर नॉक होऊन गेलेला असतो, हेडफोनमध्ये ऐकू आला नसला तरी. त्यांतच चमकणारे कण दिसले तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम, आणि तिथे काम थांबतं. चारही प्लगची माती स्वच्छ होती. बाहेरच्या धातूच्या पट्टीवर उष्णतेने रंग बदललेली रेषा वळणाच्या जवळ होती, जिथे असावी तिथे. त्याला भिंग दिलं. त्याने चारही प्लग फिरवून फिरवून पाहिले, आणि तिसरा पुन्हा एकदा घेतला. त्याला काही वेगळं दिसलं म्हणून नव्हे, खात्री करायला.

आमच्या जवळचा बेटाऊनचा ट्रॅक २०२३ मध्ये बंद झाला, तेव्हापासून एनिसला जावं लागतं, डॅलसच्या अलीकडे, तीन-साडेतीन तास. तिथे गाडी तपासणाऱ्याने डिकी उघडून बाटलीवरचा डीओटी-१८०० चा शिक्का पाहिला, कंस हाताने हलवून पाहिले, बाहेर जाणारी नळी पाहिली. पट्ट्या आणि होज-क्लॅम्पवर बांधलेली बाटली तिथे चालत नाही, आणि चालू नयेच. पूर्ण भरलेली बाटली अपघातात मागच्या सीटवर आली तर काय होईल याचा विचार केला की पुरे. दौडीच्या आधी ब्लँकेटने दाब ९२० वर आणला. गाडी आधीपेक्षा तीन-चार दशांश सेकंदांनी लवकर पोचली. परतीच्या प्रवासाला निघायच्या आधी त्याने बाटलीचा व्हॉल्व्ह हाताने बंद केला आणि नळीतला वायू सोडून दिला. अमेरिकेत राज्यागणिक नियम वेगळे आहेत, काही ठिकाणी रस्त्यावर बाटली जोडलेलीही चालत नाही. माझा नियम राज्य बघत नाही. ट्रॅकच्या फाटकाबाहेर व्हॉल्व्ह बंद.

स्विचची अशी साखळी नसलेली एक गाडीही आमच्याकडे ट्रकवर लादून आली होती. किट दुसरीकडे बसवलेलं. स्टिअरिंगवर एक बटण, आणि बटण ते सोलेनॉइड यांच्यामध्ये काहीच नाही. हायवेवर पाचव्या गिअरला, दोन हजारांच्या आसपास, ओव्हरटेक करायला मालकाने ते दाबलं. मिश्रण इनटेकमध्ये साचलं आणि तिथेच पेटलं. प्लॅस्टिकच्या मॅनिफोल्डचे तुकडे बॉनेटच्या आतल्या बाजूला रुतले होते. माणसाला काही झालं नाही. तो मला विचारत होता की मॅनिफोल्ड धातूचं घातलं तर परत वापरता येईल का. मी त्याच्यापुढे कागद ठेवला आणि स्विचची साखळी काढून दाखवली. त्याने गाडी नंतर नायट्रसशिवाय दुरुस्त करून घेतली.

वायू हुंगायची खोड असलेलेही कधी कधी दुकानाभोवती घुटमळतात. गाड्यांच्या नायट्रसमध्ये सल्फर डायऑक्साइड अगदी थोडा मिसळलेला असतो, कुणी हुंगू नये म्हणून. वारंवार हुंगल्याने शरीरातलं बी-१२ निकामी होतं, हातापायांच्या नसा जातात. ब्रिटनने २०२३ मध्ये तर नशेसाठी तो बाळगणं गुन्हा ठरवलं. आमच्या भरण्याच्या खोलीला कुलूप असतं आणि किल्ली फळीवर लटकत नाही.

नागपूरहून भाच्याचा फोन आला होता. “मामा, माझ्या टर्बो पेट्रोलमध्ये नायट्रस बसवायचा विचार आहे. इथे एक जण हॉस्पिटलच्या सिलिंडरमधून बाटली भरून देतो म्हणतो.” माझा आवाज चढला. गॅस सिलिंडर भरण्याचे परवाने देणाऱ्या केंद्रीय संस्थेचं, पेसोचं, मुख्यालय त्याच्याच गावात आहे, सेमिनरी हिल्सला. आणि परवान्याशिवाय असा सिलिंडर भरणं २०१६ च्या गॅस सिलिंडर नियमांत बसत नाही. पण नियम बाजूला ठेवला तरी, मोठ्या सिलिंडरमधून जुगाडाच्या नळीने, वजनकाट्याशिवाय, एप्रिलच्या नागपुरात बाटली भरणारा माणूस किती भरतोय हे त्यालाच माहीत नसतं. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने दिलेल्या गाडीत असा बदल चालत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते आणखी स्पष्ट केलं आहे. उद्या धडक झाली तर विमा कंपनी काय म्हणेल, हे मी त्याच्यावर सोडलं.

मग विचारलं, तुला नेमकं काय हवंय? म्हणाला, “पिकअप उशिरा येतो. गेल्या वर्षी असा नव्हता.” हे ऐकल्यावर मला नायट्रसमध्ये रस उरला नाही. त्याला स्मोक टेस्ट करून घ्यायला सांगितलं. इनटेकमध्ये धूर सोडतात आणि तो कुठून बाहेर येतो ते बघतात. इंटरकूलरच्या खालच्या रबरी होजला, क्लॅम्पच्या अगदी कडेला, बोटभर चीर निघाली. होज आणि क्लॅम्प बदलल्यावर बूस्ट पूर्वीच्या जागी आला. पुढच्या फोनवर त्याने ब्रेक पॅडबद्दल विचारलं, आणि त्यावर आम्ही बराच वेळ बोललो.